दुपारचा भोंगा

समुद्राचा धोका सांगणारा भोंगा माझ्या काकांच्या ताब्यात होता. तो बिघडला नाही ना, हे बघायला ते रोज भर दुपारी एकदा वाजवायचे. वस्तीने त्याचा जेवणाचा भोंगा करून टाकला. "भोंगा झाला, ताटं घ्या," घरोघरी हेच. काका करवादायचे, "मी काय तुमचा आचारी आहे?" आम्ही नुसते दात काढायचो.

एके दिवशी नेमक्या त्याच वेळी भोंग्याच्या मनोऱ्यावरून त्यांना समुद्र मोठी लाट येण्याआधी हटतो तसा झपाट्याने मागे हटताना दिसला. होड्या चिखलात आडव्या पडल्या. काकांनी बटण दाबलं आणि बोट उचललंच नाही. खाली माणसं टेकडीकडे पळायचं सोडून हात धुऊन आपापल्या घरी निघाली.

भोंगा थांबेना, तेव्हा काकू हसली. "आज यांना भूक आवरत नाहीये," म्हणाली आणि त्यांचं ताट आधी वाढलं.