डॉक्टरबाईंनी पाडलेलं भोक

बातमी सलीम मिस्त्रीने आणली. एरवी हा माणूस बोलला की अख्ख्या पुसदला ऐकू जातं. त्या दिवशी माझ्या औषधाच्या दुकानासमोर सायकल धरून तो नुसताच उभा राहिला, तेव्हाच मी समजलो. डॉक्टर कुसुमबाई नागपूरच्या इस्पितळातून आता परत येणार नव्हत्या... त्याला काही आठवडे झाले. शोकसभेत त्यांच्या सेवेबद्दल मोठमोठे शब्द बोलले गेले. त्यांनी पाडलेल्या एका भोकाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही, आणि माझ्या मते बाई पुरत्या कळतात त्या तिथेच!

बाईंची गाडी त्यांच्या वकील वडिलांची. विलायती, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, चढावर दमेकऱ्यासारखी धापा टाकणारी. वडिलांनी तिचा गंजलेला पत्रा काढून समोर सागाच्या फळीचा डॅशबोर्ड स्वतःच्या हातांनी बसवला होता. ते गेल्यावर बाई रोज सकाळी दवाखान्याआधी ती फळी पुसत. तिच्यावर चहाचा कप ठेवणारा तहसीलदार असला तरी खाली उतरवला जाई. अशा फळीला मुठीएवढं भोक पाडायचं सलीमने मनावर घेतलं. त्याला तिथे व्हॅक्यूम गेज बसवायचं होतं, म्हणजे इंजिन हवा किती जोराने ओढतं ते दाखवणारं घड्याळ. काटा स्थिर तर इंजिन ठणठणीत, थरथरला तर आत काहीतरी दुखतंय.

"डॉक्टरबाई, तुम्ही पेशंटले थर्मामीटर लावता, मंग या बिचारीनं काय गुन्हा केला?"

"थर्मामीटर काढून घेता येतो, सलीम. भोक काढून घेता येत नाही."

"मंग हिचं दुखणं तुमाले कळन कसं?"

"हे काय, ऐकते ना." आणि बाई खरोखर स्टेथोस्कोप कानाला लावून बॉनेटवर वाकत. "ठोके उत्तम!" सलीम कपाळावर हात मारून घेई. हा खेळ पाहायला मी स्टूल घेऊन बाहेर येत असे आणि दोघांनाही आलटून पालटून फूस लावत असे.

मग ढाणकीकडची ती दुपार आली. एक अडलेली बाळंतीण आणि तिची सासू मागच्या सीटवर, औषधांची पेटी मांडीवर घेऊन मी पुढे. बाईंना तिला पुसदच्या दवाखान्यात आणायचं होतं. महागाव यायच्या आधीच, ऐन माळावर, गाडीने दोन आचके दिले आणि मान टाकली.

"बाई, गाडी कायले थांबली वं?" सासूने विचारलं.

"बाळाला घाई झाली म्हणून."

"असं व्हय! मले वाटलं बिघडलीच."

बाळ तिथेच झालं. मी पळसाच्या झाडाकडे तोंड करून उभा होतो आणि मागून बाईंचा शांत आवाज येत होता. बाळ रडलं, तसा मी हसलो. पण तो शांत आवाज एकदम थांबला... रक्त थांबत नव्हतं. बाजाराला निघालेली कापसाची एक बैलबंडी देवासारखी आली, म्हणून त्या पोरीला कापसावर निजवून महागावपर्यंत नेता आलं आणि पुढे एका ट्रकने पुसदला. वाटभर बाईंचा हात तिच्या पोटावरून हलला नाही. पोरगी वाचली, पण थोडक्यात.

सलीमने इंजिन उघडलं. व्हॉल्व जळाला होता.

"काटा असता तर आधी कळलं असतं?" बाईंनी विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदाच सलीम हळू बोलला. "कळलं असतं, बाई. कईचाच थरथरून राह्यला असता."

दुसऱ्या दिवशी सलीम लाकडाला भोक पाडायचं मोठं गिरमिट घेऊन आला. बाईंनी फळी नेहमीसारखी पुसली आणि ते त्याच्या हातून काढून घेतलं. "चीर मी घालते. पेशंट माझ्या घरचा आहे." सागाचा भुसा त्यांच्या पांढऱ्या पातळावर पडत राहिला. भोक जरा वाकडं आलं. सलीम म्हणाला, कानशीने सारखं करतो. "राहू दे. बाबांनी फळी तरी कुठे सरळ बसवली होती?" इतकंच बोलून त्या रोगी तपासायला गेल्या. डोळे पुसले असतील तर आम्हाला दिसू दिले नाहीत.

पुढे एकदा काटा थरथरला, तर बाई महागावलाच गाडी सोडून एसटीने पेशंटकडे गेल्या आणि वेळेवर पोचल्या. गाडी चालवताना रस्त्यावरची नजर काढायची नाही हा त्यांचा दंडक, त्यामुळे शेजारी बसेल त्याला काटा वाचायची नोकरी लागे. सरपंच असो की कुणाची म्हातारी सासू, बाई मध्येच ओरडत, "काटा?" आणि उत्तर द्यावंच लागे.

गाडी आता दवाखान्यामागच्या शेडमध्ये असते. रविवारी सलीम ती चालू करून ठेवतो. परवा मी जाऊन माझ्या नेहमीच्या जागी बसलो. सलीमने समोरून हँडल मारलं, इंजिन सुरू झालं, सगळी फळी गुरगुरू लागली. काटा थोडा चाचपडला आणि जागेवर थांबला. शेजारची सीट रिकामी. विचारणारं कोणीच नव्हतं.

"ठीक आहे, बाई," मी म्हणालो.

बॉनेटपलीकडून सलीम ओरडला, "जोरात सांगा ना भाऊ! इंजिनाच्या आवाजात त्यायले आयकू येत नाही!"