शिडी धरणारी

स्तोयना एकोणीस वर्षांची होती तेव्हापासून बापाची शिडी धरत आली. रादोय म्हणजे पंचक्रोशीत झाडं छाटणारा एकुलता एक जाणकार. तो वर, ही खाली. गाब्रोवो शहरातल्या लोकरीच्या गिरणीत तिला नोकरी चालून आली, तेव्हा तो म्हणाला, "मग शिडी कोण धरणार? माझी मान मोडू दे का?" पुढे एक चांगला मुलगा सांगून आला, तेव्हाही तेच. शिडीला माणूसच लागतं, म्हणे.

खाली उभ्या उभ्या तिने सगळी विद्या उचलली. जाड फांदी आधी खालून अर्धवट कापायची, खोडापासून हातभर लांब. मग जरा पुढे वरून घाव घालून ती पाडायची. उरलेला खुंट शेवटी, खोडाजवळची फुगीर कड न दुखवता. आणि अक्रोडाला हात लावायचा तो ऑगस्ट सरताना, एरवी नाही.

वर्षं सरली, रादोयचे हात थरथरू लागले आणि परसातल्या अक्रोडाची थोरली फांदी छपरावर टेकली. "मी कापते ऑगस्टात," स्तोयना म्हणाली. बापाने करवत पुतण्याला, कामेनला, देऊन टाकली. बाईच्या हातात करवत शोभत नाही म्हणाला.

फेब्रुवारीत संत त्रिफोनचा सण आला. पुरुषांनी मळ्यात द्राक्षवेली छाटल्या, बुंध्यांवर वाइन ओतली आणि त्याहून जास्त पोटात ओतली. वेलीचा मुकुट डोक्यावर घालून कामेन सगळ्यांना घेऊन परसात आला.

"आज छाटणीचा दिवस! अक्रोडानेच काय घोडं मारलंय?"

"कामेन, आत्ता नको रे, रस गळत राहील! आणि आधी खालून काप!"

"तायडे, तू आपली शिडी धर!"

सगळे खो खो हसले. बापही हसला.

स्तोयनाने शिडी धरली आणि कामेनने वरूनच करवत चालवली. अर्ध्यावर फांदी कडाडली आणि बुंध्यापर्यंत साल सोलत, कौलं फोडत खाली आली. मुकुट चिखलात गेला. रादोय पहिलं वाक्य बोलला ते स्तोयनाला, "शिडी नीट धरता येत नाही तुला?"

वसंतभर खोडावरून रस वाहत होता. येता-जाता ते बघून तिचा जीव जळायचा.

ऑगस्ट सरताना तिने कामेनकडून करवत आणली. "बाबा, शिडी धरा."

"हेच राहिलं होतं," म्हणून तो घरात गेला.

तिने खोपटातल्या खिळ्यावरची दोरी काढली, शिडी खोडाला करकचून बांधली आणि फाटका खुंट अगदी रीतीप्रमाणे उतरवला. शिडी तसूभरही हलली नाही.

ती खाली उतरून हात धूत होती, तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारची रुसालका परसात परत आलेल्या बापाला म्हणाली, "रादोयभाऊ, काय सुरेख कापलंय हो! कोणी?"

"कामेनने," लेकीकडे न बघता तो म्हणाला. "शिकला पोरगा."

स्तोयनाने गाठ सोडली आणि दोरी हातात घेऊन उभी राहिली. वीतभर कमी सहा हात दोरी. ती जन्मभर त्या खिळ्यालाच टांगलेली होती, आणि तीस वर्षं तेवढ्याने भागलं असतं.