शेवटच्या टेबलावरचा माणूस

आमचे हे नळांच्या कारखान्यात तपासनीस. खोक्यात भरण्याआधी प्रत्येक नळ यांच्या टेबलावरून जातो. घरी येतात ते मनगटं सुजलेली, चेहरा उतरलेला. "एक दिवस रजा घ्या की," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "माझ्याशिवाय माल हलत नाही." मला मेलीला त्याचा अभिमानच वाटायचा.

यंदा विद्यापीठानं प्रकल्पासाठी दोन पोरी कारखान्यात पाठवल्या. माल कुठे अडतो ते शोधायचं, मालकापुढे मांडायचं आणि त्यावर मार्क मिळवायचे. त्यांना शिकवायचं लोढणं यांच्याच गळ्यात. "कारखान्याचं पाळणाघर केलंय," म्हणून कुरकुरले, पण पोरींना जीव लावला. यंत्रं उघडून दाखवली, स्वतःच्या डब्यातलं खाऊ घातलं.

मालकापुढे बोलायच्या आदल्या संध्याकाळी दोघी घरी आल्या. हे आत आडवे झाले होते. चहाला हातही न लावता चष्मेवाली म्हणाली, "काकू, माल काकांच्याच टेबलावर अडतो. गळका नळ आधीचं यंत्रच बाजूला काढतं. काका पुन्हा तेच तपासतात. हे मांडलं तर काकांची नोकरी..."

"मग मांडूच नका!" मी कडाडले. "ज्याच्या डब्यातलं खाल्लंत त्याच्याच पोटावर पाय देता?"

"म्हणूनच आलो, काकू. तेवढं गाळतो आम्ही."

तेवढ्यात हे बाहेर आले. खुर्चीत बसकण मारली.

"गाळू नका. खरं आहे ते."

"पण काका, तुमचं काय?"

"यंत्र आलं त्याच वर्षी मला कळलं होतं. कुणी विचारलं नाही, मी बोललो नाही. कुणालाच नको असलेलं काम रोज मन लावून करायचं... थकलो गं पोरींनो. कुणाच्या तरी लक्षात आलं, बरं झालं."

पोरी डोळे पुसत गेल्या. हे मात्र पाय लांब करून निवांत बसले, आणि माझा तिळपापड झाला.

"अहो, माझी आई गेली तेव्हा तुम्ही आला नाहीत. माल अडेल म्हणालात. मी एकटी गेले."

यांनी मान खाली घातली.

"तेव्हा ते यंत्र आलं होतं का?"

यांनी लांब केलेले पाय जवळ ओढून घेतले. मग हळूच "हो" म्हणाले.