कोरियन नाच आणि आईची अंघोळ

आज दोरीवरची ओली चादर वाऱ्यानं फुगली आणि मला इथल्या माउंट रॉस्किल या उपनगरातल्या शाळेचा हॉल आठवला. दोन हजार पाच-सहा साल असेल. पुण्याहून आलेल्या आईला मी लेकीच्या शाळेतल्या कार्यक्रमाला नेलं होतं. आमची कोरियन शेजारीण नाचणार होती.

ती पांढऱ्याशुभ्र पोशाखात आली. हातातलं लांबलचक पांढरं वस्त्र तिनं हळूच जमिनीवर टाकलं, त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि बऱ्याच वेळानं दोन्ही हातांनी उचललं. "सो पीसफुल!" पलीकडची गोरी बाई म्हणाली. मलाही तिच्यात पाण्यावर संथ तरंगणारा हंसच दिसत होता. टाळ्या वाजल्या तेव्हा आईनं मात्र हात जोडले.

घरी येताच ती कशालाही न शिवता बाथरूममध्ये गेली. साडी भिजवली, डोक्यावरून अंघोळ केली.

"आई, अगं नाच होता तो!" मी वैतागून म्हणाले.

"असेल. मला कुणाला तरी पोचवून आल्यासारखं वाटलं."

पुढे शेजारणीनंच सांगितलं, गेलेल्या माणसाचं दुःख मोकळं करायचा तो नाच. आईला हे कळवलं, तर ती फक्त "हं" म्हणाली.

मागच्या वर्षी आई गेली. मी इथून फोनवर पाहत होते. भावानं तिच्या तोंडावर पांढरं कापड ओढलं आणि स्क्रीन काळी झाली. मी अंघोळीला गेले, पण नळ सोडवेना. परक्यांचा नाच पाहून आईला पोचवून आल्यासारखं वाटलं होतं. मला तिला पोचवूनही तसं वाटत नव्हतं.