अंबडच्या जीपमध्ये मी दिलेलं व्याख्यान

या वेळी प्रवासवर्णनात फोटो नाहीत. का नाहीत ते वाचता वाचता कळेल.

मी पुण्यात नर्सिंगच्या मुलींना समाजशास्त्र शिकवते. आजार नुसता जंतूंनी होत नाही, घर, काम, बायकांचं खाणं-पिणं, चार लोकांच्या नजरा हे सगळं त्यात असतं, हा धडा मी दरवर्षी अगदी रंगात येऊन घेते. दिवाळीच्या सुट्टीत मंगलताईचा फोन आला, "ये की गं, किती वर्षं झाली!" मंगलताई म्हणजे माझ्या मावशीची मुलगी, अंबडकडच्या एका खेड्यात असते. म्हटलं चला, बहीणही भेटेल आणि ब्लॉगलाही काहीतरी होईल.

पुण्याहून एसटीनं निघालात तर संभाजीनगरला हातपाय मोकळे करून घ्या, पुढचा रस्ता बरा आहे. जालन्यात शिरताना एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यांचा धूर आधी भेटतो, मग गाव. रिक्षाचं भाडं बसण्याआधीच ठरवा. जालन्यातल्या मस्तगड भागात गरम भजी खाल्ली. मिरची इतकी जहाल की डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी प्लेट मागवली.

मंगलताई गावात वाट बघत बसेल असं वाटलं होतं, तर ती जालन्यातच घ्यायला आलेली. केवढी वाळली होती!

"चल, आधी दवाखान्यातलं एक काम हाय," म्हणाली. सरकारी दवाखान्यातून गोळ्यांची पाकिटं घेतली, पिशवीत तळाशी घातली, वर मेथीची जुडी ठेवली. मग रस्त्यात हळूच सांगितलं, "टीबी झालाय मला. गोळ्या चालू हायेत. आता दुसऱ्याला लागत न्हाई, डॉक्टर बोललेत."

"अगं, पण गावातच मिळतात ना गोळ्या?"

"मिळतेत. पण वाटणारी माझ्या जावेची बहीण हाय. सकाळी गोळी घेतली की दुपारी गावभर. पायलची बोलणी चालून राह्यली ना, पुढच्या आठवड्यात लोकं पाहायला येतेत. आईला टीबी म्हणल्यावर पोरीला कोण करून घेईल? तेवढं पार पडू दे, मंग डांगोरा पिटला तरी चालंल."

मी विदुषीसारखी मान हलवली. तिनं तिची पाण्याची बाटली पुढे केली आणि मी चटकन म्हणाले, "माझ्याकडं आहे गं." बाटली होती, पण रिकामी. तिला ते दिसत होतं. तिनं बाटली परत पिशवीत ठेवली. आम्ही आंबेडकरी घरातली माणसं, पाण्यावरून माणूस लांब ठेवणं काय असतं ते आजोबांच्या तोंडून ऐकत वाढलो. आणि मी हे केलं. लाज वाटली, पण पाणी प्यायले नाहीच.

बहुतेक ती लाज धुऊन काढायलाच पुढचं सगळं घडलं.

अंबडकडं जायला एसटी आहे, पण आम्ही काळी-पिवळी जीप धरली. माणसं कोंबून भरलेली. एक म्हातारे बाबा एकसारखे खोकत होते. समोरची बाई नाकाला पदर लावून ओरडली, "ओ ड्रायव्हर, ह्यांना उतरवा. टीबीवाले दिसतेत!"

झालं. माझ्यातली मास्तरीण उठली. टीबी म्हणजे पाप नव्हे, औषधानं बरा होतो, खरा रोग लोकांच्या डोक्यात असतो, असं मी जीपभर सुनावलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले, तसा मला आणखी चेव आला. मी मंगलताईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ही माझी बहीण. हिला झालाय टीबी. गोळ्या घेते, ठणठणीत आहे. बसलेय ना मी हिला चिकटून?"

मंगलताईचा खांदा हाताखाली दगडासारखा झाला.

"मला दमा हाय, ताई," बाबा म्हणाले.

समोरच्या बाईनं पदर खाली घेतला आणि मंगलताईकडं नीट पाहिलं. "तुम्ही पायलची आई ना? आमच्या चुलत पुतण्याचंच बोलणं चाललंय तुमच्याकडं." पुढच्या फाट्यावर ती उतरली.

घरी पोचल्यावर मी रडत माफी मागितली. मंगलताई भाकरी थापत होती. म्हणाली, "तू खोटं न्हाई बोललीस. पण तुला परवा पुण्याला जायचंय. मला इथंच राह्यचंय."

दुसऱ्या दिवशी अंबडची टेकडी बघायची ठरवली होती. राहून गेलं. दुपारी दाजींना मुलाकडच्यांचा फोन आला, "सध्या घाई न्हाई, पुढच्या साली बघू." दाजी मला एका शब्दानं बोलले नाहीत, उलट बसस्टँडवर सोडायला आले. बोलले असते तर बरं झालं असतं.

सुट्टीनंतर तोच धडा आला. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, एखादं उदाहरण द्या ना." जन्मात मिळणार नाही असं उदाहरण माझ्याकडं होतं. पुस्तकातलंच वाचून दाखवलं. आजाराभोवती समाज असतो हे मी वर्षानुवर्षं शिकवलं, पण त्या जीपमधला समाज मीही होते, हे कधी डोक्यातच आलं नाही.

पायल सांगते, आई गोळ्या बराबर घेते. माझा फोन मात्र घेत नव्हती. हे लिहायचं ठरवल्यावर मी पायलला म्हटलं, नावं बदलते, गाव लिहीत नाही, पण आईला विचारल्याशिवाय एक ओळ टाकणार नाही. तेव्हा कुठं ती फोनवर आली. मी चाचरत विचारलं. पलीकडं भांड्यांचा आवाज येत होता.

"लिही," ती म्हणाली. "आता लपवायचं कुणापासून राह्यलंय?"