हत्तीला लागलेली माणसाची सवय

फालेसी न्खोमाच्या पायाला भिंगरी आहे, असं तिचे मामा योतामू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. हंगामात हा गुण खपून जाई. पाऊस ओसरून वाटा वाळल्या, की फालेसी लुआंग्वा नदीपलीकडच्या ब्वेम्बा कॅम्पात जायची आणि परदेशी पाहुण्यांना जंगलातून पायी फिरवायची. पुढे बंदूक घेऊन वनखात्याचा झोंडिवे, त्याच्या मागे फालेसी, आणि तिच्या मागे एका रांगेत पाहुणे. पण नोव्हेंबरात तिकडचा पावसाळा लागला, काळी माती पायाला गच्च धरायला लागली, की कॅम्प बंद व्हायचा आणि फालेसी घरी यायची. मग तिला काही सुचायचं नाही. अंगण झाडून झालं तरी ती पुन्हा खराटा घ्यायची. पाणी भरलेलं असताना विहिरीवर जायची.

"अगं, बस की जरा," मामा म्हणायचे. "कोंबड्या दमल्या तुझ्या मागे फिरून."

"बसलेच आहे मामा," असं ती उभ्याउभ्या म्हणायची.

पूर्वी ती त्याच कॅम्पात चादरी धुवायची. नवरा राजधानीला, लुसाकाला, कामाला गेला तो तिकडचाच झाला. पदरी एक मुलगी होती. दोरीवर चादरी वाळत घालताना फालेसी जंगलाकडे बघत राहायची, कुठला पक्षी ओरडला म्हणून गाईडांना विचारायची आणि त्यांचं डोकं खायची. पुढे गाईडची परीक्षा दिली, एकदा आपटली, दुसऱ्यांदा पास झाली. पहिल्या दिवशी एका पाहुण्याने तिच्या हातात धुवायचे मोजे दिले आणि गाईड कधी येणार म्हणून विचारलं. झोंडिवे अजून ती गोष्ट हंगामातून एकदा तरी काढायचाच. "मॅडम, मोजे वाळले का?" असं पाहुण्यांसमोर, त्यांना न कळणाऱ्या चिन्यांजा भाषेत विचारायचा आणि तोंड मात्र गंभीर ठेवायचा.

पाहुणे येत ते हत्तीसाठी. आणि हत्तींमध्ये मडालासाठी. मडाला म्हणजे म्हातारबुवा. डावा सुळा निम्म्यातून मोडलेला, कान झालरीसारखा फाटलेला. तो कॅम्पाच्या आसपासच असायचा. सुरुवातीला माणूस दिसला की कान फडकावून धूळ उडवायचा. फालेसीनेच त्याला हळूहळू माणसाची सवय लावली. रोज थोडं जवळ जायचं, तिथे थांबायचं, हळू आवाजात बोलत राहायचं, तो बुजला की मागे सरायचं. हे तिने हंगामामागून हंगाम केलं. शेवटी शेवटी मडाला बाभळीच्या शेंगा वेचत असायचा आणि हाकेच्या अंतरावर पाहुणे श्वास रोखून उभे असायचे. कॅम्पाच्या जाहिरातीवर त्याचा फोटो होता. फोटोच्या कडेला फालेसीचा खांदा आला होता.

त्या वर्षी मार्चमध्ये कणसं भरली आणि हत्ती नदी ओलांडायला लागले. दर वर्षी येतात तसेच आले. गावानेही नेहमीसारखे राखणीचे माळे बांधले, ढोल बाहेर काढले, रिकामे डबे दोरीला टांगले. एका पहाटे, उजाडता उजाडता, शेजारच्या झाकेयोच्या शेतातून किंकाळी आली. फालेसी जागीच होती. ती अनवाणी धावली.

झाकेयो बांधाजवळ पडला होता. त्याच्याकडे एकदा बघून तिने नजर वळवली, कारण बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याची बायको एस्तेले मक्यात बसून दोन्ही हातांनी माती उकरत होती. अजून कोणी पोचलं नव्हतं. फालेसीचे डोळे सवयीने जमिनीवर गेले. ओल्या मातीत पाऊल उठलं होतं, सुपाएवढं, कडेकडेने झिजलेलं, मधोमध आडवी भेग आणि तिला फुटलेला फाटा. ते पाऊल तिने किती पाहुण्यांना बसून दाखवलं होतं. माणसाच्या अंगठ्याचा ठसा असतो ना, तसंच हे, असं ती सांगायची.

तिने त्या पावलावर आपला पाय ठेवला आणि माती सारवली.

मग पुढचं पाऊल दिसलं. त्याच्या पुढे आणखी एक. मक्याच्या दोन ओळींमधून ती पावलं नदीकडे गेली होती. फालेसी तिसऱ्या पावलापर्यंत गेली आणि तिला मागून एस्तेलेचा आवाज ऐकू आला.

"घाबरला नाही गं तो," एस्तेले म्हणत होती. ती फालेसीला सांगत होती की कोणालाच नाही, कळत नव्हतं. "ढोल वाजवला. डबे वाजवले. मी ओरडले. दुसरे हत्ती पळतात. हा नुसता बघत उभा राहिला. हे म्हणाले, थांब, जरा पुढे जातो. आणि पुढे गेले."

फालेसीचा पाय तिसऱ्या पावलावर तसाच राहिला. तेवढ्यात सगळं गाव आलं. बायाबापड्या, पोरं, गुरं, सगळी शेतात शिरली आणि घटकाभरात जमिनीवर माणसांच्या पायांखेरीज काही राहिलं नाही.

मयताच्या घरी गाव बसलं. बायका आत, पुरुष बाहेर शेकोटीभोवती. फालेसी पाणी वाढायला गेली तर झाकेयोच्या पुतण्याने ग्लास घेतला नाही.

"तुझे लाडके आले होते जेवायला," तो म्हणाला. "आता त्यांचे फोटो काढ."

"गप रे," एक म्हातारा म्हणाला.

"का गप? तिकडे हत्तीला हात जोडतात, इकडे आम्ही माणूस पुरतो."

फालेसीने ग्लास खाली ठेवला आणि ती बाहेर पडली. नदीपर्यंत गेली, परत आली, परत गेली. घरी मामांनी मक्याच्या पिठाची घट्ट उकड, न्शिमा, आणि भोपळ्याच्या पाल्याची भाजी झाकून ठेवली होती. तिने एक घास मळला आणि तो हातातच राहिला.

साकाला नावाचे वनखात्याचे साहेब दुसऱ्या दिवशी आले. माणूस मेला की एक हत्ती मारायचा, म्हणजे गाव शांत होतं. त्यांना हे काम आवडत नव्हतं, म्हणून ते घाईघाईने बोलत.

"कुठला हत्ती होता, कोणी बघितला?"

एस्तेले म्हणाली, "अंधुक होतं. मोठा होता."

साहेबांनी फालेसीकडे बघितलं. "तू ओळखतेस त्यांना. पावलं बघितलीस का?"

"लोक चालून गेले होते साहेब," फालेसी म्हणाली. हे खोटं नव्हतं.

साहेब गेल्यावर झोंडिवे मागे रेंगाळला. त्याच्या खांद्यावर तीच बंदूक होती. फालेसीबरोबर इतकी वर्षं हिंडून त्याने ती एकदाच झाडली होती, तीही आकाशात, एका रानरेड्याला पळवायला.

"बाई," तो म्हणाला, "तळ्याकाठी एक तरणा नर आहे. एकटाच असतो. साहेब म्हणतात, तो बरा. सोपा आहे."

"त्याने काय केलंय?"

"काही नाही केलं. पण कोणीतरी पाहिजे ना." झोंडिवे बंदुकीचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत राहिला. "परवा जायचं म्हणतात. तुला काही सांगायचंय का?"

"नाही."

"बरं," झोंडिवे म्हणाला. पण तो लगेच गेला नाही. तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला आणि मग गेला.

ते दोन दिवस फालेसीने काढले कसे, तिचं तिला माहीत. मामांच्या खोलीचं गवताचं छप्पर नीट असताना तिने ते उसवलं आणि पुन्हा शाकारायला घेतलं. गवत कमी पडलं म्हणून अर्ध्यावर टाकलं. लाकडं फोडली. चिपाता शहरातल्या शाळेत मुलीला फोन लावला आणि मुलीने हॅलो म्हटल्यावर काय बोलायचं ते आठवेना. डोळ्यांपुढे झाकेयो नव्हता, हत्तीही नव्हता. तिला आपलाच आवाज ऐकू येत होता, मऊ, अंगाईसारखा. ये, ये म्हाताऱ्या, घाबरू नकोस, ही आपलीच माणसं आहेत. झाकेयो ढोल घेऊन पुढे गेला तेव्हा मडालाला काय वाटलं असेल? पाहुणाच वाटला असेल. पाहुणे इतके जवळ येतात आणि थांबतात. हा थांबला नाही.

शेवटी ती अर्धवट छपराखाली बसलेल्या मामांपाशी आली.

"मामा, तो मडाला होता."

मामांनी वर बघितलं. उघड्या छपरातून त्यांच्या तोंडावर ऊन पडलं होतं. "कोणी सांगितलं?"

"मी पावलं बघितली. एक मी पुसलं."

मामांनी मांडीवर पडलेली गवताची काडी झटकली. मग म्हणाले, "आणि इतके दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस? आम्ही झाकेयोच्या पुतण्याच्या शिव्या खातोय तुझ्यापायी."

"सांगितलं तर मारतील त्याला."

"नाही सांगितलं तर दुसऱ्याला मारतील. आणि हा पुन्हा येईल. ढोलाला न भिणारा हत्ती आहे तो. पुढच्या खेपेला कुणाच्या शेतात जायचं, ते तो तुला विचारून जाणार आहे का?" ते उठले आणि त्यांनी काठी घेतली. "चल. मी येतो बरोबर."

साहेबांनी काही विचारलं नाही, रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "मग तुलाच दाखवावा लागेल."

सकाळी होडीतून पलीकडे गेले. साहेब, झोंडिवे, आणखी एक बंदूकवाला आणि फालेसी. पावसाने वाट बुजली होती, गवत डोक्यावर गेलं होतं. फालेसीने लीद पायाने फोडून बघितली, मोडलेल्या फांदीचा रस बोटाला लावून बघितला. तिचं अंग आपोआप काम करत होतं. टेंभुर्णीसारख्या काळ्या झाडांच्या राईपाशी तिने हात वर केला आणि मागे वळून कुजबुजली, "वारा आपल्या तोंडावर येतोय. हळू चाला. मोठ्याने बोलू नका." हेच ती पाहुण्यांना सांगायची. झोंडिवेने मान खाली घातली.

मडाला झाडाला अंग घासत होता. त्याला चाहूल लागली. त्याने सोंड उचलून वास घेतला, ओळख पटल्यासारखी ती खाली सोडली आणि पुन्हा साल ओरबाडायला लागला. फालेसीला वाटलं, ओरडावं. पळ म्हणावं. पण पळाला तर तो नदीकडेच पळेल आणि नदीपलीकडे मका आहे. ती तोंड मिटून उभी राहिली.

"उडव," साहेब म्हणाले.

पहिली गोळी झोंडिवेची. दुसरी दुसऱ्याची. मडाला गुडघ्यांवर आला, मग कुशीवर कलंडला, आणि राईतले सगळे पक्षी एकदम उठले. झोंडिवे तिथेच गवतात बसला. त्याने सिगारेट काढली आणि काड्यांवर काड्या ओढत राहिला, एकही पेटेना. फालेसीने त्याच्या हातातून पेटी घेतली आणि सिगारेट पेटवून दिली.

दुपारपर्यंत गाव घमेली घेऊन आलं. मांस वाटलं गेलं. पहिला वाटा एस्तेलेकडे गेला. मामांकडेही वाटा आला. मामांनी तो शिजवला आणि खाल्ला, फालेसीला आग्रह केला नाही. ती त्या दिवशी एस्तेलेच्या शेतात आडवा झालेला मका गोळा करत होती. झाकेयोचा पुतण्या आला, शेजारी वाकला आणि कणसं तोडायला लागला.

पाऊस संपून वाटा वाळल्या, जूनमध्ये कॅम्प उघडला. मॅनेजरबाईंनी सगळ्या गाईडांना बोलावून सांगितलं, "मडालाबद्दल विचारलं तर म्हातारा होता, गेला, एवढंच सांगायचं." फालेसीने मान हलवली. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारं जोडपं आलं. मागेही येऊन गेलेलं होतं, मडालासाठी पुन्हा आलं होतं. फालेसीने त्यांना सगळं सांगितलं, पाऊल पुसल्याचंसुद्धा. म्हातारी रडली. म्हातारा म्हणाला, "आणि तूच दाखवलास?" दुसऱ्या दिवशी ती दोघं जीपमधून दुसऱ्या गाईडबरोबर गेली.

पण खरा घोटाळा पुढेच झाला. फालेसीला हत्तीजवळ थांबवेना. पाहुणे घेऊन ती जायची, हत्ती दिसायचा, पाहुणे कॅमेरे काढायचे, तोवर फालेसी दोन्ही हात वर करून जोरात टाळ्या वाजवायची. हा हा करून ओरडायची. काठीने झाड बडवायची. हत्ती बिचकून, शेपटी उभारून पळायचा. पाहुणेही पळायचे, उलट्या दिशेने. झोंडिवे बंदूक सावरत मध्ये उभा.

"बाई, हे काय?" त्याने पहिल्यांदा विचारलं.

"भ्यायला पाहिजेत ते. आपल्याला बघून भ्यायला पाहिजेत."

"पाहुणे भ्याले."

"त्यांना कोण मारणार आहे?"

पुढच्या खेपेला तिने हात वर केले, तेव्हा बंदूक खांद्याला अडकवून झोंडिवेनेही टाळ्या वाजवल्या.

मॅनेजरबाईंनी तिला बोलावून घेतलं. "लोक समुद्र ओलांडून येतात, ते हत्तीचं ढुंगण बघायला नाही येत, फालेसी."

"नदीपलीकडे माणसं राहतात बाई."

"मला माहीत आहे. पण असं एकटीने तू किती हत्ती पळवणार?"

"दिसतील तेवढे."

बाईंनी डोळे मिटून कपाळ चोळलं. फालेसी जुनी होती, कामाची होती, आणि बाई वाईट नव्हत्या. त्यांनी तिला कामावरून काढलं नाही. पक्षी बघणाऱ्यांच्या टोळ्या असतात, शांत, म्हाताऱ्या, दुर्बिणी गळ्यात घातलेल्या. त्या तिच्याकडे दिल्या. एका जागी बसायचं, गप्प राहायचं, तासभर एका झाडाकडे बघायचं. फालेसीला याहून मोठी शिक्षा शोधून सापडली नसती.

तरी ती करते. सुट्टीच्या दिवशी होडीने अलीकडे येते आणि एस्तेलेबरोबर मिरच्या कुटून जुन्या तेलात कालवते, बांधावरच्या दोऱ्यांना फासते. दोघींचे डोळे लाल होतात आणि दोघी शिंकतात. मामा लांबूनच बघतात. कामाच्या दिवशी ती पाहुण्यांना झाडाखाली बसवते, हळू आवाजात पक्ष्यांची नावं सांगते, आणि तिची नजर मात्र गवतातून फिरत असते. परवाच एक बाई किती दिवसांपासून शोधत असलेल्या कसल्याशा निळ्या पक्ष्यावर दुर्बीण रोखून बसली होती. पलीकडच्या झुडपातून एक तरणा हत्ती डोकावला, कान पसरून, कुतूहलाने. फालेसी उठली. झोंडिवे तिच्याकडे बघून हळूच म्हणाला, "बाई, नको. आज तरी नको."

तिने टाळ्या वाजवल्या. हत्ती गेला, पक्षीही गेला, आणि फालेसी त्या बाईची माफी मागत, दुसरं झाड शोधायला पुढे चालायलाही लागली.