नळ येणार नाही, हे सांगताना

मी नगरसेविका होते तेव्हा शांतता समितीच्या बैठकीला चिडून जायचे आणि आणखी चिडून परत यायचे. सण जवळ आला की पोलीस स्टेशनच्या हॉलमध्ये तीच ती माणसं बसायची, चहा व्हायचा, फोटो व्हायचा, आणि आपलं गाव किती शांत आहे हे एकमेकांना सांगून सगळे घरी जायचे. त्यातल्या एकानंही आयुष्यात कधी दगड उचलला नव्हता, आणि हंडाही. माझं मत तेव्हाही ठाम होतं आणि आजही आहे. गावात भांडण नको असेल तर पालिकेनं आपलं काम करावं, आणि काम होणार नसेल तर तसं लोकांच्या तोंडावर जाऊन सांगावं. पोलीस, समिती वगैरे सगळं त्यानंतर.

हे मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी शिकवलं नाही. एका उन्हाळ्यात आमच्या नाक्यावर शिकले.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाक्याच्या अलीकडे आमचा पुरा, बहुतेक घरं शेती आणि भाजीपाल्यावर जगणारी. पलीकडे मुसलमानांचा मोहल्ला. उन्हाळ्यात नळ आठवड्यातून एकदा यायचा, आधी पुऱ्याला, दुसऱ्या दिवशी मोहल्ल्याला. त्या आठवड्यात धरणावरची मोटर जळाली. ती दुरुस्त होईपर्यंत टाकीत पाणी जेमतेम चढलं होतं. मोहल्ला उतारावर, तिथे कमी पाणीही पोचतं, म्हणून पालिकेनं ठरवलं की आज थोडा वेळ मोहल्ल्याला सोडू, पुऱ्याला उद्या. हे सांगायला घंटागाडी निघाली. गाडी कचऱ्याची, पण भोंगा तिच्यावरच, त्यामुळे पालिकेचा निरोप्याही तीच. मोहल्ल्यात ती फिरली. आमच्या पुऱ्यात नालीसाठी रस्ता खोदून ठेवला होता, तिथे ती शिरलीच नाही. चालकानं गाडी परत नेली आणि पालिकेत कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता पुऱ्यातल्या बायांच्या जागी उभं राहून बघा. पाळी आपली, नळ कोरडा, आणि रस्त्यापलीकडून भोंगा ओरडतोय की पाणी सुटलं आहे.

दुपारपर्यंत बायांनी रिकामे हंडे नाक्यावर आडवे मांडून रस्ता अडवला. पलीकडेही गर्दी झाली, कारण तिकडे एका घरी दुसऱ्या दिवशी मुलीचं लग्न होतं. रांगेतल्या दुसऱ्याच्या हंड्याला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा नियम लहान पोरालाही ठाऊक असतो. मी पोचले तेव्हा कुणीतरी एका हंड्याला लाथ मारली होती. दोन्हीकडचे तरुण दगड शोधत होते.

मी मुख्याधिकाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, फोर्स पाठवतो."

"फोर्स राहू द्या. घंटागाडी पाठवा. आणि तुम्ही स्वतः या."

माझा आवाज बराच चढला असणार, कारण गाडीही आली आणि तेही आले. मोहल्ल्याचा नगरसेवक पिठाची गिरणी चालवायचा. सभेत माझं आणि त्याचं एका विषयावर कधी जमलं नाही. तोही पिठानं पांढरा झालेला तसाच धावत आला. मी म्हटलं, "भाऊ, चढा गाडीवर."

माईक हातात घेऊन मी सगळं जसं घडलं तसं सांगितलं. मोटर, उतार, खोदलेली नाली, परत गेलेली गाडी. चूक पालिकेची आहे, मोहल्ल्याची नाही, हे दोनदा सांगितलं. मुख्याधिकाऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. मग गिरणीवाल्यानं माईक घेतला.

"आमच्या इकडं बी दोन-दोन हंडेच भरले. लग्नघरचा हौद तं कोरडाच हाय."

पुऱ्यात एव्हाना अशी समजूत पसरली होती की तिकडे गच्चीवरच्या टाक्या ओसंडून वाहतायत. सगळ्यात जास्त आरडाओरडा करणारी एक म्हातारी पुढे आली. "अन् उद्या नाही आला नळ तं?"

"तं मी सोता येऊन सांगीन," मी म्हटलं. "तुम्ही हंडा ठेवायच्या आंधी."

हंडे उचलले गेले. मग नवरीचा बाप माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, उद्या बरात जळगाव जामोदहून येऊन राह्यली. याच नाक्यावरून येईन ना?"

"याच नाक्यावरून," मी म्हटलं.

सकाळी फोन आला, मोटर पुन्हा जळाली. मी त्या मोटरला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. चालकाला उठवलं, गिरणीवाल्याला बोलावलं, आणि दोन्ही बाजूंना एकदम ऐकू जाईल अशी गाडी नाक्याच्या मधोमध उभी केली. नळ येणार नाही, दुपारी टँकर येईल, रांग एकच, असं आम्ही दोघांनी सांगितलं. मग नालीच्या कडेकडेनं मी पुऱ्यातल्या दारोदार गेले. शिव्या भरपूर खाल्ल्या. म्हातारी म्हणाली, "काय कामाचे हो तुम्ही लोकं?" पण दुपारपर्यंत नाक्यावर कुणी जमलं नाही.

दुपारी हंडे लागले. पुऱ्याचे, मोहल्ल्याचे, एकाच रांगेत, थेट रस्ता ओलांडून पलीकडे. टँकर आला नाही आणि बरात आली. बँड नाक्यावर येऊन थांबला. नवरीचा बाप हंड्यांकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. दुसऱ्याच्या हंड्याला हात लावायचा नाही, हे त्यालाही ठाऊक होतं, आणि मलाही.

म्हातारी उठली. तिनं आपला हंडा बाजूला घेतला. मग शेजारचा, मोहल्ल्यातल्या एका बाईचा, तोही उचलून बाजूला ठेवला. त्या बाईनं पुढचा उचलला. हां हां म्हणता रस्ता मोकळा झाला आणि बरात वाजतगाजत निघून गेली. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

नंतर हंडे पुन्हा लागले. कोण कुणाच्या मागे, यावरून एक शब्द झाला नाही.

"टँकर कवा येते?" म्हातारीनं विचारलं.

मी फोन करून विचारलं होतं. "अजून निघाला नाही, मावशी."

"बरं," ती म्हणाली, आणि हंडा पालथा घालून त्यावर बसली.